सिउदाद पेर्दिदा: कोलंबियाच्या जंगलातला चार दिवसांचा ट्रेक कसा करायचा

सिउदाद पेर्दिदाला, म्हणजे या जंगलातल्या जुन्या, ओस पडलेल्या शहराला, आपले आपण जाता येत नाही, तेव्हा ते आधी डोक्यातून काढा. जीपीएस ट्रॅक डाउनलोड केला, मॅगीची पाकिटं टाकली आणि निघालो, हे इथे चालत नाही. वाट आदिवासींच्या राखीव जमिनीतून जाते, परवानगी मोजक्याच ठरलेल्या कंपन्यांना आहे आणि गाइड सोबत पाहिजेच. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रेकर मंडळींना "गाइडेड" म्हटलं की जरा कमीपणा वाटतो, पण इथे गाइड नुसता वाट दाखवायला नसतो, आपण कोणाच्या दारातून चाललोय आणि तिथे कसं वागायचं हे त्याला माहीत असतं.

जागा कुठे ते सांगतो. कोलंबियाच्या उत्तरेला, कॅरिबियन समुद्राला लागून सिएरा नेवादा दे सांता मार्ता नावाचा डोंगर आहे. किनाऱ्यापासून जेमतेम चाळीस-बेचाळीस किलोमीटरवर त्याची सुमारे ५७०० मीटरची बर्फाची शिखरं, आणि त्या मधल्या पट्ट्यात घनदाट जंगल. या जंगलात बुरिताका नदीच्या वर ताइरोना लोकांनी साधारण इ.स. ८०० च्या सुमारास हे शहर वसवलं, म्हणजे पेरूतल्या माचू पिचूच्या सहाएकशे वर्षं आधी. स्पॅनिश आले (सांता मार्ता १५२५ मध्ये वसलं), मग लढाया झाल्या, रोगराई आली आणि पुढे शहर ओस पडलं. "पेर्दिदा" म्हणजे हरवलेलं, पण हरवलं ते बाहेरच्यांसाठी. डोंगरातले कोगी, विवा, अरुआको आणि कांकुआमो लोक स्वतःला त्याच पूर्वजांचे वारस मानतात, त्यांना ते कायम माहीत होतं आणि ते त्याला तेयुना म्हणतात. १९७२ मध्ये ग्वाकेरो, म्हणजे जुनी थडगी उकरून सोनं विकणारे लोक, तिथे पोचले, त्यांनी जागेचं नावच "हिरवा नरक" ठेवलं, सोन्याच्या वस्तू आणि मडकी बाजारात यायला लागली आणि त्या मागावरून १९७६ मध्ये सरकारी पुरातत्त्ववाले पोचले.

आता खरं सांगायचं तर फोटो बघून माचू पिचूसारख्या दगडी भिंती डोक्यात घेऊन गेलात तर हिरमोड होईल. घरं लाकडाची आणि गवताची होती, ती कधीच गेली. उरलंय काय, तर डोंगराच्या धारेवर एकावर एक चढत गेलेले गोल दगडी चौथरे, १६९ मोजलेत, त्यांना जोडणाऱ्या फरसबंद वाटा, जिने आणि पाणी वाहून जायला काढलेले चर. एवढा पाऊस पडतो तिथे, हजार वर्षांत डोंगर खाली आला नाही तो या चरांमुळे. आपल्याला गडावर वाड्याची नुसती जोती बघून वाडा डोळ्यासमोर आणायची सवय असते, ती इथे भलतीच कामी येते.

आता तयारी.

महिना आधी ठरवा. डिसेंबर ते मार्च त्यातल्या त्यात कोरडं, पण गर्दी याच दिवसांत. मे मध्ये आणि मग ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस जोरात असतो, नदी फुगते. सप्टेंबर मात्र पूर्ण वगळा, त्या महिन्यात आदिवासींचे विधी आणि जागेची शुद्धी असते म्हणून पर्यटकांना बंद. अमेरिकेत राहणारे बरेच जण थँक्सगिव्हिंगची सुट्टी जोडून जायचं म्हणतात, जा, पण नोव्हेंबरात दुपारचा पाऊस चुकत नाही असं धरूनच जा.

कंपनी निवडताना भावाची घासाघीस करण्यात वेळ घालवू नका, सगळ्यांचे दर जवळपास सारखे असतात आणि दरवर्षी वाढतात. त्यात गाडी, गाइड, जेवण, झोपायची जागा, प्रवेश सगळं येतं. विचारायचं ते वेगळं. एक, गाइड स्पॅनिश बोलणारा असेल तर सोबत इंग्रजी दुभाष्या आहे का. दोन, ग्रुप किती जणांचा. तीन, गाइड आदिवासी आहे का. विवा लोकांची स्वतःची कंपनी आहे, आणि माझं मत विचाराल तर गाइड त्या डोंगरातलाच असेल तर ट्रेकच बदलतो, कारण बाकीचे गाइड कोगींबद्दल सांगतात आणि हा स्वतःच्या घराबद्दल सांगतो.

चार दिवस की पाच? अंतर तेच, येऊन-जाऊन साधारण ४५ ते ५० किलोमीटर. पैसेही बहुतेक ठिकाणी तेवढेच. सह्याद्रीत नियमित फिरणाऱ्याला चार दिवस पुरतात. पण चार दिवसांच्या बेतात तिसऱ्या दिवशी शहर बघून लगेच परत फिरून बरंच खाली यायचं असतं, त्यामुळे गुडघे कुरकुरणारे असतील, सोबत आई-बाबा असतील किंवा नुसतं नदीत डुंबायला निवांत वेळ हवा असेल तर सरळ पाच घ्या. त्यात कसला आलाय कमीपणा.

कागदपत्रांत भारतीय पासपोर्टवाल्यांनी दोन गोष्टी नीट बघायच्या. व्हिसा: अमेरिकेचा किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल तर कोलंबियाचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, पण त्या व्हिसाची मुदत किती शिल्लक पाहिजे वगैरे अटी आहेत, त्या बुकिंगच्या आधी वकिलातीच्या साइटवर वाचा. मुंबईहून बोगोताला थेट विमान नाही, युरोप, इस्तंबूल नाहीतर अमेरिकेवरून जावं लागतं, तेव्हा ट्रान्झिट व्हिसाचंही बघा. दुसरी गोष्ट यलो फीव्हरची लस, आणि ही लोक हमखास विसरतात. कोलंबिया यलो फीव्हरच्या यादीत आहे आणि तिथून सहा दिवसांच्या आत भारतात उतरलात आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर विमानतळावरून थेट क्वारंटाइनमध्ये, सहा दिवसांपर्यंत. तिथे वाद घालून काही होत नाही. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यावी लागते, अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागू शकतो, आणि सर्टिफिकेट लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं, म्हणजे निघायच्या आदल्या आठवड्यात धावपळ करून उपयोग नाही. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. मलेरियाच्या गोळ्यांचं तुमच्या डॉक्टरला विचारा.

व्यायाम म्हणाल तर उंचीची भीती नको, शहर साधारण १२०० मीटरवर आहे, विरळ हवेचा वगैरे प्रश्नच येत नाही. त्रास होतो तो दमट उष्म्याचा आणि चढ-उताराचा, वाट सरळ अशी कुठे चालतच नाही, चढली की उतरते आणि उतरली की चढते. शेवटी शहरात शिरायला नदीतून वर सुमारे १२०० दगडी पायऱ्या आहेत. पुणेकरांना सोपं आहे, पर्वतीच्या १०३ पायऱ्या, बाराएक फेऱ्या सलग मारून बघा, पाठीवर पाच-सहा किलोची सॅक घेऊन. आणि उतरतानाही मारा. चढायला दम लागतो पण पडतात लोक ते उतरताना.

सॅक ३० ते ३५ लिटरच्या वर नको. मोठी बॅग सांता मार्तात हॉस्टेलमध्ये किंवा कंपनीच्या ऑफिसात ठेवतात. तंबू, स्लीपिंग बॅग, भांडी काही लागत नाही, कॅम्पमध्ये बंक बेड किंवा हॅमॉक, मच्छरदाणी, पांघरूण मिळतं. हे वाचून लोकांना वाटतं चला, सोपं आहे, आणि मग सॅकमध्ये चार दिवसांचे चार टीशर्ट आणि चार पँट भरतात. इथेच गडबड होते.

कारण या ट्रेकला माणसाला चालणं दमवत नाही, ओल दमवते. आपण पावसाळ्यात चिंब भिजतो पण संध्याकाळी घरी येऊन कोरडे होतो, इथे ते संध्याकाळचं घर नाही. घामाने भिजता, दुपारी पावसाने भिजता, नदी ओलांडताना कमरेपर्यंत भिजता, आणि हवा इतकी दमट की दोरीवर रात्रभर टाकलेला टीशर्ट सकाळी तेवढाच ओला. म्हणून कपड्यांचे दोनच जोड ठेवायचे, एक चालायचा आणि एक झोपायचा. झोपायचा जोड ड्राय बॅगमध्ये, ती बॅग परत कचऱ्याच्या जाड काळ्या पिशवीत, आणि कॅम्पवर पोचून अंघोळ झाल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. सकाळी साडेपाचला अंधारात तो कालचा गार, चिकट, वास मारणारा टीशर्ट परत अंगात घालायचा, पहिली दोन मिनिटं अंगावर काटा येतो, मोह होतो की असू दे, कोरडाच घालून निघू. तो मोह आवरा. कोरडा घातलात तर अर्ध्या तासात तो घामाने ओला आणि मग रात्री झोपायला काहीच नाही.

बाकी सामानात: पटकन वाळणारी फुल पँट आणि लांब बाह्यांचा शर्ट (डास आणि माश्यांसाठी, सँडफ्लायच्या चावण्यातून लीशमानियासिससारखे रोगही होतात), सुती काही नको, जीन्स तर नकोच. मोजे मात्र जास्त घ्या. बूट चांगल्या ग्रिपचे, वापरून पायात बसलेले, आणि वॉटरप्रूफचा हट्ट धरू नका, आत पाणी शिरलं की ते बाहेरही पडत नाही. नदीसाठी आणि कॅम्पसाठी पट्ट्याची सँडल. हेडटॉर्च, डीईईटीवालं डास पळवायचं औषध, सनस्क्रीन, पॉवरबँक, टॉयलेट पेपर, इलेक्ट्रालची पाकिटं भरपूर, मांड्या घासतात म्हणून व्हॅसलीन, पायाच्या फोडांसाठी टेप. दोन लिटर पाण्याच्या बाटल्या, प्यायचं पाणी कॅम्पवर भरून मिळतं. पोंचो की रेनकोट, तर पोंचो, कारण तो सॅकवरून येतो आणि रेनकोटमध्ये आतून घामाने भिजालच. पैसे रोख पेसोमध्ये, सांता मार्ता सोडल्यावर वाटेत एटीएम नाही.

दिवसांचा हिशोब असा. पहिल्या दिवशी सकाळी सांता मार्ताहून जीपने माचेते पेलाओ, ज्याला एल मामेयही म्हणतात, त्या गावात. शेवटचा रस्ता खडबडीत आहे, गाडी लागणाऱ्यांनी पुढे बसा. तिथे जेवून भर दुपारी चालायला सुरुवात होते, आणि सावली कमी, लालसर मातीचा चढ, त्यामुळे पहिला दिवस अंतराने लहान असूनही बरेच जण इथेच "आपण हे का केलं" म्हणतात. टोपी घाला, हळू चला, मध्ये थांब्यांवर कलिंगड, संत्रं, अननस कापून ठेवलेलं असतं. पाऊस आला की हीच माती साबणासारखी होते. सामान वाहणारी खेचरं समोरून आली की दरीकडे नाही, डोंगराच्या बाजूला उभं राहायचं. हिमालयात गेलेल्यांना हे माहीत असतं, बाकीच्यांनी लक्षात ठेवा, खेचर लोड घेऊन वळतं आणि त्याला तुमची सॅक दिसत नाही.

दुसरा दिवस मोठा, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर. शेतं मागे पडतात, जंगल दाट होतं, कोगींची गोल, गवती छपराची घरं लागतात, मग बुरिताका नदी सोबतीला येते. नदी ओलांडायची ती गाइड सांगेल तिथेच आणि सांगेल तशीच. पाणी जास्त असेल तर दोर लावतात. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा आधी सोडा, म्हणजे पडलातच तर सॅक टाकता येते, तोंड प्रवाहाकडे, पाऊल घासत पुढे, एक पाय टेकल्याशिवाय दुसरा उचलायचा नाही. आणि फोन खिशातून काढून ड्राय बॅगमध्ये, रील नंतर करा. वर पाऊस झाला की पाणी बघता बघता चढतं, तेव्हा गाइड थांबा म्हणाला तर थांबायचं. मुक्काम बहुतेक पाराइसो नावाच्या कॅम्पवर, शहराच्या पायथ्याशी.

तिसऱ्या दिवशी उजाडताच निघायचं. थोडं नदीकाठाने, एकदा नदीतून आणि मग झाडीत एकदम पायऱ्या सुरू. पायऱ्या म्हणजे डोळ्यासमोर घाट आणू नका. अरुंद, शेवाळलेल्या, उंच-सखल दगडी, कित्येक ठिकाणी पाऊल पूर्ण मावत नाही, तिथे पाय आडवा टाकायचा. वर पोचल्यावर पहिले लागतात ते खालचे लहान चौथरे, आणि सगळे तिथेच फोटोला थांबतात. थांबू नका तिथे, खरी जागा अजून वर आहे. मधल्या धारेवरचे मोठे चौथरे आणि मागे डोंगर, तो फोटो तिथून. वाटेत एक मोठा दगड दाखवतात ज्यावर रेघाच रेघा कोरल्यात, तो नकाशा आहे असं सांगतात. कोलंबियाचे सैनिकही भेटतील, तरुण मुलं असतात. २००३ मध्ये इथून आठ परदेशी पर्यटकांचं ईएलएन या कोलंबियातल्या बंडखोर संघटनेच्या गनिमांनी अपहरण केलं होतं, काही महिन्यांनी सुटले ते, पण त्यानंतर ट्रेक बंद होता आणि २००५ पासून सैनिकांच्या पहाऱ्यात परत सुरू झाला. आता रोज लोक जातात, तरी निघायच्या आधी त्या भागाच्या ताज्या बातम्या बघायची सवय चांगली.

वर तीनेक तास मिळतात. अर्धा तास फोटोंना द्या आणि उरलेला गाइडला. ते चर कसे फिरवलेत, चौथऱ्याच्या कडेचे दगड कसे बसवलेत, धान्य दळायचे पाटे कुठे पडलेत, हे विचारल्याशिवाय कोणी आपणहून सांगत नाही. उतरताना काठी घ्या, नाहीतर तोंड डोंगराकडे करून उतरा, कोणी हसत नाही. मग कॅम्पवर जेवून चार दिवसवाले तसेच मागे चालू लागतात, पाचवाले त्यांच्याकडे बघत पाय पसरून बसतात.

जेवणाचं काय हा पहिला प्रश्न असतो, माहितीये. कॅम्पवर स्वयंपाकी असतात आणि पोटभर देतात, भात, डाळीसारखी बीन्सची उसळ, तळलेलं केळं, पास्ता, अंडी, सकाळी अरेपा म्हणजे मक्याची जाड भाकरी. शाकाहारी मिळतं पण बुकिंग करतानाच सांगा आणि पहिल्या दिवशी गाइडला परत सांगा. नुसतं व्हेजिटेरियन म्हणालात तर चिकन वाढलं जाऊ शकतं, म्हणून "सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो" पाठच करा, म्हणजे मटण-बिटण नको, कोंबडी नको, मासा नको. अंडं चालत नसेल तर "सिन उएवो". कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र खाकरे, चिवडा, थेपले बरोबर ठेवा, तिथे तेवढं जमणार नाही. आणि तिखटाची सवय असेल तर चटणीची पुडी. अख्खा ग्रुप दुसऱ्या रात्री ती पुडी मागतो.

आता कोगींबद्दल. पांढरेशुभ्र जाडे कपडे, मोकळे लांब केस, खांद्यावर मोचिला म्हणजे विणलेली पिशवी. दोन पुरुष भेटले की एकमेकांच्या मोचिलात मूठभर कोकाची पानं टाकतात, तो त्यांचा रामराम. पुरुषांच्या हातात पोपोरो असतो, छोटा भोपळा, त्यात भाजून कुटलेल्या शिंपल्यांचा चुना. काडी चुन्यात बुडवायची, तोंडात पानांबरोबर चोखायची, मग ओली काडी भोपळ्याच्या तोंडाशी घासत राहायची. चालताना, बोलताना, विचार करताना ती काडी फिरतच असते, आणि वर्षानुवर्षं घासून भोपळ्याच्या गळ्याशी पिवळट दगडासारखा थर जमतो. बघत राहावंसं वाटतं, पण कॅमेरा काढायचा नाही. विचारा, गाइडमार्फत विचारा, आणि नाही म्हणाले तर नाही. लहान पोरं गोड दिसतात, चॉकलेट मागतात, देऊ नका, तिथे दातांचा डॉक्टर नाही आणि तुमच्यामागे येणाऱ्या प्रत्येकाकडे ती मागत सुटतात. काही द्यायचंच असेल तर काय लागतं ते गाइडला विचारा. मोचिला विकत मिळतात, बायका हाताने विणतात आणि वेळ लागतो, तिथे भाव पाडू नका.

हे लोक स्वतःला थोरला भाऊ म्हणतात आणि आपल्याला, म्हणजे बाहेरच्या सगळ्यांना, धाकटा. त्यांचे मामो (आपले मामा नव्हेत, हे त्यांचे जाणते आणि पुजारी) डोंगर सांभाळायचं काम करतात, अशी श्रद्धा. २०२२ मध्ये या चारही जमातींच्या ज्ञानपरंपरेला युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मामो भेटले आणि बोलायला तयार झाले तर ऐका, मध्ये इन्काबद्दल, म्हणजे माचू पिचूवाल्यांबद्दल, विचारू नका. आणि चौथऱ्यांवर चढून उड्या मारत फोटो काढू नका, तिथे अजूनही विधी होतात.

दोन धोक्याच्या गोष्टी. कोकाची पानं त्यांच्या परंपरेत आहेत, पण आठवण म्हणून एक पानसुद्धा बॅगेत टाकून आणू नका, भारतात कोकाचं पानही अमली पदार्थांच्या एनडीपीएस कायद्यात बसतं. आणि वाटेत किंवा सांता मार्तात कोणी "जुना" मणी, मडकं, सोन्याचा तुकडा दाखवला तर हात जोडून पुढे व्हा. खरा असेल तर विकत घेणं गुन्हा, खोटा असेल तर फसवणूक. ताइरोनांचं सोनं बघायचंय तर सांता मार्तात जुन्या कस्टम हाउसमध्ये सोन्याचं म्युझियम आहे, फुकट आहे. ते ट्रेकच्या आधी नाही, नंतर बघा, चौथरे पाहून आल्यावर त्या सोन्याच्या कानातल्यांना आणि बेडकांना अर्थ येतो.

शेवटच्या दिवशी माचेते पेलाओला दुपारचं जेवण आणि संध्याकाळपर्यंत सांता मार्ता. टीप इथेच द्यायची असते, गाइडला, दुभाष्याला आणि स्वयंपाक्याला वेगवेगळी, ग्रुपमध्ये आदल्या रात्रीच ठरवून ठेवा, नाहीतर जीपमध्ये बसायच्या घाईत स्वयंपाकी राहून जातो. आणि त्याच संध्याकाळची बोगोताची फ्लाइट बुक करू नका. नदी चढली, दरड आली, जीप अडकली, की ती गेली. शिवाय चार दिवसांच्या त्या बुटांचा वास घेऊन विमानात शेजारी बसणाऱ्याचाही विचार करा, एक रात्र थांबा, कपडे लाँड्रीत टाका, बूट हॉस्टेलच्या गच्चीवर उन्हात ठेवा.